एकोणीस जोड्या

भोईपुऱ्यात सकाळी आठला
कौतिका मारबते पोतं उलटं करते
आणि ओल्या गोणपाटावर पडतो
काचेचा, मिशांचा, हलता ढीग.
"पवनीचे हायेत, वैनगंगेचे. रात्री निघाले.
पाय माय, अजून उड्या मारून राहिले."

माझी शेजारीण पुण्याची, नवीन आलेली.
पदर नाकाशी धरून विचारते, ही मासळीच ना?
मासळी नाही.
कणा नाही, खवले नाहीत, काटा नाही.
हा खेकड्याचा भाऊबंद,
हाडं अंगावर घालून फिरणारा.
वाढायचं झालं की आख्खा अंगरखा उतरवतो
आणि नवा घट्ट होईस्तोवर
दगडाखाली मऊ, भित्रा पडून राहतो.
काळीज त्याचं डोक्यात.
"आणि पोट?"
तेही तिथंच. महत्त्वाचं सगळं एका खोलीत,
आम्ही इमामवाड्यात राहायचो तसं.

हे सगळं बाबांकडून आलेलं.
बाबा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट,
शिक्षण सातवी,
पण झिंग्याच्या अवयवांच्या एकोणीस जोड्या तोंडपाठ:
मिशा, जबडे, चालायचे पाय, पोहायचे पाय,
थेट शेपटीच्या पंख्यापर्यंत.
प्रॅक्टिकलच्या दिवशी पहाटे सायकल काढून
ते इथूनच दोन किलो न्यायचे,
कौतिकाच्या सासूकडून, पावती मागून.

पोरं चिमट्यानं एकेक जोडी उपटत,
काळ्या पुठ्ठ्यावर ओळीनं मांडत.
मग घंटा.
ट्रेमध्ये जे उरायचं
ते परीक्षेत येत नव्हतं:
बिनपायाचं, वाकडं, पांढरं मांस.

बाबा ते डब्यात भरून घरी आणत.
आई सुईनं पाठीतला काळा दोरा ओढायची
(आतडं ते, पण आम्ही दोराच म्हणायचो),
वांग्यात टाकायची, वरून खसखस, काळा मसाला,
तिखट असं की धाकटा रडत रडत वाढून मागायचा.
मला वाटायचं झिंगे असेच जन्मतात,
सोललेल्या शेंगदाण्यांसारखे,
डोकं नाही, पाय नाही, कुठून आले विचारायचं नाही.

सतराव्या वर्षी मीच त्या टेबलाशी बसले.
ट्रेमध्ये झिंगा. सबंध. पहिल्यांदाच.
दोन डोळे देठांवर, माझ्याकडे.
खाकी सदऱ्यातले बाबा ट्रे वाटत गेले,
माझ्यापाशी जरासुद्धा थांबले नाहीत.
मी एकोणीस जोड्या काढल्या.
एक जबडा तुटला, तो डिंकानं सांधला.
घंटा झाली, ट्रे पुढं सरकवली,
आणि तोंडाला पाणी सुटलं.
लाजही वाटली असेल. पण आधी पाणी.

कौतिका आता मुंडकी पिरगळते,
टर्र, टर्र,
शेजारणीसाठी फक्त शेपटाकडचं, गोरं, स्वच्छ.
"मुंडके देऊ का?"
शी, नको.
मुंडकी तिच्या मागच्या घमेल्यात जातात.
घमेलं फेकायचं नाही, हे मला दिसतं.
"अवं, चव तं त्यातच हाये," ती मला म्हणते,
तिला नाही.
"कुटून, गाळून रस्सा कर. नाहीतं असंच चोख."

माझी पिशवी मी सबंधच भरून घेते.

बाबा एक गोष्ट पुठ्ठ्यावर नसलेली सांगायचे:
याच्या मिशीच्या बुडाशी एक पिशवी असते,
तीत तो नदीची वाळू भरून ठेवतो,
दोन-चार कण.
ते जिकडे टेकतात तिकडे खाली.
एवढ्यावर त्याचा तोल.
अंगरखा उतरवला की वाळूही जाते,
मग नवी वेचून घालायची.

रात्री लेक विचारतो, डोकं पण खातात?
मी चोखून दाखवते.
तेल, तिखट, थोडं कडू,
आणि दाताखाली
कच्च.